सही वर की खाली : प्रकल्प नोंदी

७ एप्रिल २०२५, ठाणे

साहेबांनी आज काम अंगावर टाकलं. 'चालवाल तेवढा हप्ता' प्रकारच्या मोटार पॉलिसीसाठी किलोमीटरचं घोषणापत्र नव्याने करायचं आणि जमलं तर क्लेम फॉर्मचं पहिलं पानही. जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने असल्या पॉलिसींना परवानगी दिली. तेव्हापासून आमच्याकडे तीन वेगवेगळे फॉर्म फिरतायत. तिन्हींतले प्रश्न वेगळे, शेवटची बारीक अक्षरांतली ओळ मात्र तीच: 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे.' गाडी वर्षाला किती चालणार ते ग्राहक सांगतो, त्यावर हप्ता ठरतो. कमी सांगितलं की कमी. म्हणजे खोटं बोलायचं कारण पहिल्याच चौकटीत छापलेलं आहे.

मीटरचा फोटो घेतो आम्ही, पण सगळीकडे नाही. जुना ग्राहक फोनवर आकडा सांगतो, एजंट स्वतःच्या अंदाजाने भरतो, वर्षाच्या मध्ये वाढीव किलोमीटर घेताना शब्दावर चालतं.

साहेबांचं उत्तर आधीच ठरलेलं आहे. कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकून आले: सही खाली घ्यायची नाही, वर घ्यायची. माणूस आधी 'खरं सांगेन' असं लिहून देतो आणि मग खरंच सांगतो. खर्च शून्य. "अमेरिकेत विमा कंपनीनेच करून बघितलंय," म्हणाले, "आणि तेही मीटरच्या आकड्यांवर. तुमच्याच विषयातलं आहे."

मी सव्वीस वर्षं सर्व्हेअर होतो, म्हणजे क्लेम आला की गाडीचं नुकसान तपासणारा. पटलं नाही, पण का पटलं नाही ते तोंडातून निघेना. म्हणून ही वही.

९ एप्रिल

मूळ निबंध मिळाला. २०१२ चा, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकातला. लेखक पाच: लिसा शू, नीना मझार, फ्रांचेस्का जीनो, डॅन एरिएली, मॅक्स बेझरमन. तीन प्रयोग आहेत. पहिले दोन प्रयोगशाळेतले, तिसरा विम्याचा. १३,४८८ पॉलिसी, २०,७४१ गाड्या. ग्राहकांना फॉर्म पाठवले, अर्ध्यांवर सही वर, अर्ध्यांवर खाली, आणि मीटरचा आजचा आकडा विचारला. आधीचा आकडा कंपनीकडे होताच. दोन्हींची वजाबाकी म्हणजे गाडी किती चालली ते. वर सही करणाऱ्यांचा सरासरी आकडा सुमारे २६,१०० मैल, खाली सही करणाऱ्यांचा २३,७०० च्या आसपास. दहा टक्क्यांहून थोडा जास्त फरक, फक्त एक ओळ उचलून वर नेल्यामुळे.

यामागचा विचार मला आवडला, हे लिहून ठेवतो. मझार, अमीर आणि एरिएली यांनी २००८ मध्ये तो मांडला. सहभागी माणसांपुढे वीस चौकटी, प्रत्येकीत बारा आकडे, त्यांतले बेरीज बरोब्बर दहा होणारे दोन शोधायचे. वेळ पुरत नाहीच. मग किती सुटल्या ते स्वतःच सांगायचं, कागद फाडून टाकायचा, पैसे घ्यायचे. पकडलं जायची भीती शून्य, तरी वीसच्या वीस सांगणारे अगदी थोडे. बहुतेकांनी खऱ्या उत्तरात दोनेक चौकटींची भर घातली आणि थांबले. चोरी करायची पण आरशात चोर दिसायला नको, एवढ्याच बेताची.

हे गॅरेजमध्ये रोजचं आहे. गाडी चोरीला गेली असा अख्खा बनाव करणारा वर्षातून एखादा भेटतो. पण मागच्या बंपरचा क्लेम असताना दारावरच्या जुन्या ओरखड्याकडे बोट दाखवून "सर, हेही लावून टाका ना त्यातच" म्हणणारा रोज भेटतो. आणि तो माणूस वाईट नसतो. चहा पाजतो.

११ एप्रिल

आकडेवारी बघणाऱ्या धाकट्या सहकारी मुलीला निबंध दाखवला. ती म्हणाली, "सर, हा मागे घेतलाय."

मागे घेतलाय म्हणजे सप्टेंबर २०२१ मध्ये नियतकालिकाने तो रद्द केलाय. साहेबांच्या प्रशिक्षणवाल्याला हे साडेतीन वर्षांत कळलं नव्हतं.

सगळं उलगडलं ते असं. २०२० मध्ये मूळ पाच जणांनीच आणखी दोघांना सोबत घेऊन प्रयोग पुन्हा केले. परिणाम आला नाही. तसं त्यांनी छापलं आणि सोबत विम्याच्या प्रयोगाची मूळ फाईल जगाला खुली केली. त्या वेळी त्यांनाही एक गोष्ट खटकली होती: दोन्ही गटांच्या आधीच्या मीटर आकड्यांतच सुमारे १५,००० मैलांचा फरक. चिठ्ठ्या टाकून गट पाडले असतील तर असं व्हायला नको. मग ऑगस्ट २०२१ मध्ये 'डेटा कोलाडा' या नावाने लिहिणारे तिघे संशोधक, युरी सिमोनसोन, जो सिमन्स आणि लीफ नेल्सन, यांनी ती फाईल उघडून जगापुढे मांडली. शंका आधी काढली होती ती दुसऱ्याच काही संशोधकांनी, पण त्यांनी आपली नावं पुढे केली नव्हती.

ती फाईल अजून उतरवून घेता येते. मुलीने घेतली. "बघायचं का सर?"

१२ एप्रिल, शनिवार, घरी

सकाळपासून तीच फाईल. जेवण झालं, बायकोने दोनदा विचारलं की सुट्टीच्या दिवशी कसले मैल मोजताय.

पहिली गोष्ट. कोणती गाडी किती चालली याचा आलेख काढला. आयुष्यभरात मी बघितलेल्या गाड्यांचा असा आलेख काढला तर मधे फुगवटा येईल: बहुतेक जण घर ते ऑफिस, थोडे जण फार कमी चालवणारे, थोडे टूरवाले फार जास्त. इथे आलेख ओट्यासारखा सपाट. शून्यापासून ५०,००० मैलांपर्यंत जवळपास सारखीच गर्दी, आणि ५०,००० च्या पुढे कडेलोट. एकही गाडी नाही. माणसांची गाडी अशी चालत नाही. संगणकाला 'शून्य ते पन्नास हजारांतला कुठलाही आकडा दे' म्हटलं की असं येतं.

दुसरी गोष्ट बघून मला हसू आलं, कारण ही मी स्वतःहून पकडायला हवी होती. फॉर्म हाताने भरणारा माणूस खाली पार्किंगमध्ये जाऊन मीटर बघत नाही. अंदाजाने ४०,००० लिहितो, ४५,००० लिहितो. शून्यांची रांग हीच खऱ्या फॉर्मची खूण. कंपनीकडच्या आधीच्या आकड्यांत ती आहे. ग्राहकांनी नंतर भरून पाठवलेल्या आकड्यांत नाही. हजारो माणसं एकाच वर्षी मीटर बघायला जिना उतरली असं मानावं लागेल.

तिसरी गोष्ट संध्याकाळी, मुलीने फोनवर सांगितल्यावर. फाईलमधले काही आकडे एका अक्षरवळणात आहेत, काही दुसऱ्या. कॅलिब्री आणि कँब्रिया. जवळपास निम्मे-निम्मे. कॅलिब्रीतल्या प्रत्येक गाडीला कँब्रियात जुळं भावंड आहे, आणि त्या भावंडाचा आकडा शून्य ते हजार मैलांनी मोठा. खऱ्या ओळींची नक्कल करायची, वर थोडं काहीतरी मिसळायचं, म्हणजे नक्कल ओळखू येणार नाही. वळण बदलायचं राहून गेलं.

गॅरेजमध्ये आम्ही असंच पकडतो. बिल नवं, शिक्का नवा, आणि पार्टचा नंबर दुसऱ्याच मॉडेलचा.

रात्री बराच वेळ झोप नाही. प्रामाणिकपणावरचा निबंध, त्यातली माहिती बनावट, आणि ती वर्षानुवर्षं कचेऱ्यांतून, प्रशिक्षणांतून फिरली. कंपनीशी संपर्क एरिएलींचाच होता, हे त्यांनी मान्य केलं. फेरफार आपण केला नाही, असंही ते म्हणाले. निकाल देणारा मी कोण? पण एवढे हुशार लोक, दहा वर्षं, आणि त्यात एक आलेख काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. आलं नाही, कारण उत्तर गोड होतं.

१६ एप्रिल

साहेबांना आलेख दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पण लॉजिक तर बरोबर वाटतं ना?"

वाटतं. तिथेच अडकायला होतं. ज्या २००८ च्या निबंधात बायबलमधल्या दहा आज्ञा आठवायला लावल्या की लबाडी थांबते असं म्हटलं होतं, तो प्रयोग २०१८ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा केला आणि परिणाम सापडला नाही. तोही वाटायला बरोबरच होता.

साहेब म्हणाले, सही वर घ्यायला तोटा काय? मी म्हटलं, तोटा इतकाच की आपण काहीतरी केलं असं वाटून गप्प बसू. त्यांनी फाईल माझ्याकडे सरकवली. काम सुरू ठेवा म्हणाले.

२२ एप्रिल

फासा. हा प्रयोग मला सगळ्यांत स्वच्छ वाटतो, कारण त्यात कुणाच्या डोळ्यांत बघायची गरज नाही. झुरिकच्या फिशबाखर आणि फोल्मी-हॉयझी यांचा, २०१३ मध्ये छापलेला. एकट्याने पेल्यात फासा टाका, काय पडलं ते सांगा. जेवढे ठिपके तेवढे फ्रँक, फक्त सहा पडला तर काही नाही. कोण खोटं बोललं ते कळत नाही, पण किती जण बोलले ते कळतं, कारण प्रत्येक आकडा सहात एकदा पडायला हवा. पाच पडल्याचं ३५ टक्क्यांनी सांगितलं. सहा पडल्याचं ६ टक्क्यांच्या आसपास. आणि मला थांबवलं ते चारने: २७ टक्के. पाच सांगता आले असते, पकडणारं कुणी नाही, तरी कित्येकांनी चारच सांगितले. लबाडीतही मर्यादा.

पुढे २०१९ मध्ये आबेलर, नोसेन्झो आणि रेमंड यांनी असे ९० अभ्यास एकत्र केले, ४७ देशांतले. लबाडीतून जेवढं मिळू शकलं असतं त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग लोकांनी सोडून दिला. अर्थशास्त्राच्या पुस्तकातला हिशोबी माणूस असं करणार नाही. तो पाच सांगेल आणि चहा प्यायला जाईल.

हे लिहिताना टेबलावर मार्च महिन्याचं माझं टी.ए. बिल पडलंय. वागळे इस्टेट, कळवा, तिथून भिवंडी बायपास, परत. स्कूटरचं खरं अंतर ३८ किलोमीटर. बिलात ४५. साठ नाही लिहिले. ४५. माझा चार.

आणि हे कधी सुरू झालं ते मला पक्कं आठवतं. पाच-सहा वर्षांपूर्वी एका वरिष्ठाने भर मीटिंगमध्ये माझा रिपोर्ट टेबलावर फेकला होता. "गॅरेजवाल्याशी सेटिंग आहे का तुमचं?" त्या महिन्यात मी पहिल्यांदा अंतर वाढवून लिहिलं. पैशाची गरज नव्हती. सात किलोमीटरांचे पैसे किती होतात! पण लिहिताना छातीत बरं वाटलं, हे खरं. नंतर राग गेला, तो वरिष्ठ निवृत्त झाला, ४५ राहिले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात २०१६ मध्ये एक प्रयोग झाला. बरणीत नाणी किती, याचा अंदाज जोडीदाराला सांगायचा. फुगवून सांगितल्यास स्वतःला फायदा. पहिल्या खोट्याला मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भावनांशी जोडलेला भाग, चांगला पेटतो. पुढच्या पुढच्या खोट्यांना कमी कमी. आणि तो जेवढा थंडावतो तेवढं पुढचं खोटं मोठं होतं. (या निबंधाच्या लेखकांतही एरिएली आहेत. आता हे नाव दिसलं की मी दोनदा वाचतो.) माझ्या बिलात मात्र आकडा वाढला नाही, फक्त टोचायचा थांबला.

बिल अजून दिलेलं नाही.

२ मे

घोषणापत्राचा पहिला कच्चा मसुदा कायदा विभागातून परत आला. त्यांनी वर लाल चौकटीत मजकूर घातलाय: 'खोटी माहिती आढळल्यास क्लेम नाकारला जाईल व कायदेशीर कारवाई केली जाईल.' वाचूनच चोर झाल्यासारखं वाटतं.

त्यांना हैफाची गोष्ट सांगितली. निझी आणि रुस्तिकिनी यांचा २००० सालचा अभ्यास, इस्रायलमधल्या हैफा शहरातली दहा पाळणाघरं. पालक मुलांना न्यायला उशिरा येतात. म्हणून सहा पाळणाघरांत दंड लावला: दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर मुलामागे दहा शेकेल. उशीर वाढला, जवळपास दुप्पट झाला. दंड काढून टाकला तरी उतरला नाही. आधी पालकाला बाईंसमोर ओशाळं वाटायचं. दंड आल्यावर ते ओशाळेपण पैशात मोडता आलं. घेतले पैसे, मिटलं. आणि एकदा मोडलेलं ओशाळेपण परत खात्यात जमा होत नाही.

कायदा विभागातल्या बाई म्हणाल्या, आपण दंड लावत नाही आहोत, धमकी देतोय. मी म्हटलं, धमकीने नातं ठरतं. ज्याला आपण आधीच लबाड धरलं त्याला लबाडी करताना ओशाळं का वाटावं? त्या हसल्या, पण चौकट काढली नाही. लाल रंग तेवढा गेला.

८ मे

छोटी नोंद. स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांचा २०१९ चा पाकिटांचा प्रयोग वाचला. ४० देश, ३५५ शहरं, सतरा हजारांहून जास्त पाकिटं. 'हे रस्त्यात सापडलं' म्हणत बँका, हॉटेलं, टपाल कचेऱ्या यांच्या काउंटरवर ठेवून जायचं. काहींत पैसे नाहीत, काहींत थोडे. बिनपैशांच्या पाकिटांसाठी ४० टक्क्यांनी मालकाशी संपर्क साधला, पैसेवाल्यांसाठी ५१ टक्क्यांनी. अर्थतज्ज्ञांना आधी विचारलं होतं, त्यांचा अंदाज चुकला. रिकामं पाकीट ठेवून घेतलं तर आळस. पैसेवालं ठेवलं तर आपण चोर. ते स्वतःला चोर म्हणवून घेणं महाग पडतं.

म्हणजे माणूस वाचवत असतो ते पैसे नव्हेत, हे पुन्हा आलं. मग आमचा ग्राहक ओरखडा घुसवताना स्वतःला काय म्हणत असतो?

१४ मे

उत्तर बहुतेक आज मिळालं, वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात, कॅशलेसवाल्या रांगेत बसून. दोन तास बसलो. कुणी ओळखलं नाही, चेहरा पडेल ठेवला.

एकामागून एक तीन जण इस्टिमेट बनवून घेत होते आणि तिघांचंही बोलणं एकच: "थोडं चढवून लावा हो, ते कापणारच आहेत." चढवणं म्हणजे लबाडी, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते घासाघीस करत होते. भाजीवाल्याने साठ सांगितले की आपण चाळीस म्हणतो, तसं.

आणि कापतो आम्ही, हे खरंच आहे. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जादा पैशांची सोय, घेतलेली नसेल तर प्लास्टिक, रबर, नायलॉन, बॅटरी, टायर यांवर सरळ ५० टक्के घसारा. फायबरवर ३०. काचेवर काही नाही. लोखंडी पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिल्या सहा महिन्यांत शून्य, मग ५ टक्क्यांपासून चढत पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४०, त्यापुढे ५०. पॉलिसीत छापलेलं असतं. कोण वाचतो? ग्राहकाला बंपरचे अर्धे पैसे कापल्याचं कळतं ते गाडी न्यायच्या दिवशी, माझ्यासारख्या कुणाच्या तरी तोंडून. त्याला वाटतं, या माणसाने कापले.

घरी येऊन वाटणीच्या खेळावरचं जुनं टिपण काढलं. ग्यूट आणि सहकारी, जर्मनी, १९८२. एकाला पैसे देतात, त्याने दुसऱ्याला काही देऊ करायचं. दुसरा 'नको' म्हणाला तर दोघांनाही काही नाही. हिशोबाने पाहिलं तर मिळेल ते घ्यावं. पण लोक तुटपुंजा वाटा लाथाडतात, स्वतःचं नुकसान करून. २००३ मध्ये सॅन्फी आणि सहकाऱ्यांनी हा खेळ स्कॅनरमध्ये झोपलेल्या माणसांबरोबर खेळून बघितला. अन्यायी वाटा आला की किळस, वेदना यांच्याशी जोडलेला इन्सुला पेटतो. आणि माझ्या कामाची गोष्ट ही: तोच अन्यायी वाटा संगणकाने देऊ केला तर लोक कमी लाथाडतात. राग पैशावर नसतो, देणाऱ्यावर असतो.

एरिएलींनी सांगितलेला कॉफीच्या दुकानातला किस्साही याच जातीचा. बॉस्टनमध्ये एक जण लोकांना पाच मिनिटांचं काम देतो आणि चुकून जास्त डॉलर हातात ठेवतो. नेहमीसारखं वागला तर ४५ टक्के जादाचे पैसे परत करतात. काम समजावताना मधेच त्याने फोनवर गप्पा मारल्या तर १४ टक्के. हे आकडे मी आता चिमटीत धरूनच ठेवतो. पण माझ्या ४५ किलोमीटरांना ते ओळखतात.

तर पहिल्या पानावर सही वर की खाली हा प्रश्नच नाही. फॉर्म येतो तेव्हा माणूस कुठल्या मनःस्थितीत आहे आणि आमचा फॉर्म त्याला काय वाटायला लावतो, हा आहे. घसाऱ्याचा तक्ता क्लेम फॉर्मच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत, गाडीच्या वयासकट. रक्कम कुणी 'कापत' नाही, ती आधीच ठरलेली आहे, हे इस्टिमेट करायच्या आधी दिसलं पाहिजे.

उद्या साहेबांना सांगायचं. ते म्हणतील, एवढं दाखवलं तर पॉलिसी कोण घेईल. म्हणोत.

१५ मे

तसंच म्हणाले. झिरो डेपची विक्री वाढेल म्हटल्यावर गप्प झाले.

२७ मे

पाऊस. काल मान्सून मुंबईत आला, २६ मे. इतक्या लवकर आल्याची नोंद नाही. कुणी गाड्या उंचावर नेल्या नव्हत्या, वायपर बदलले नव्हते. फोन सकाळपासून थांबत नाहीत, मला पुन्हा फील्डवर जुंपलंय.

पाण्याच्या क्लेममध्ये एकच प्रश्न असतो. गाडी पाण्यात बंद पडल्यावर पुन्हा स्टार्टर मारला का? मारला तर पाणी सिलेंडरमध्ये खेचलं जातं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे इंजिनासाठीचं वेगळं जादा संरक्षण, घेतलेलं नसेल तर ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. आमच्या फॉर्मात प्रश्न असा: 'वाहन पाण्यात असताना सुरू करण्याचा प्रयत्न केला होता काय? होय / नाही.' आजपर्यंत एकाही माणसाने 'होय'वर खूण केलेली मी बघितलेली नाही.

आज एक निवृत्त मास्तर. फॉर्मवर 'नाही', आणि तोंडाने, "मी हातसुद्धा लावला नाही." इंजिन उघडलं, रॉड केळ्यासारखा. त्यांना दाखवला. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नातू होता हो मागे. पाणी दारातून आत यायला लागलं. मी काय केलं मला खरंच आठवत नाही."

मला ते खोटं वाटलं नाही. जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी याला नाव दिलंय, तापलेल्या आणि थंड मनातली दरी. घरात पंख्याखाली फॉर्म भरणारे मास्तर आणि पाण्यात नातवासकट अडकलेले मास्तर ही दोन माणसं आहेत, आणि आम्ही पहिल्याकडून दुसऱ्याची साक्ष घेतो. वरून प्रश्नातच सांगतो की कुठलं उत्तर महागात पडेल.

त्यांचा इंजिनचा भाग नामंजूर झाला. मीच केला. नियम आहे.

रात्री बातमी: हार्वर्डने फ्रांचेस्का जीनो यांचं कायमस्वरूपी प्राध्यापकपद काढून घेतलं. त्याच २०१२ च्या निबंधातल्या पहिल्या, प्रयोगशाळेतल्या प्रयोगाच्या आकड्यांत फेरफाराच्या खुणा आहेत असं २०२३ मध्ये डेटा कोलाडाने दाखवलं होतं, आणखी तीन निबंधांबरोबर. त्यांनी गैरप्रकार केल्याचा आरोप नाकारलेला आहे. म्हणजे एकाच निबंधातल्या दोन वेगवेगळ्या प्रयोगांवर, दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या आकड्यांवर बोट ठेवलं गेलं. मुलीने मेसेजमध्ये फक्त हात कपाळाला लावलेली बाहुली पाठवली.

४ जून

पाण्याचा प्रश्न बदलला. होय-नाही काढलं. आता असं: 'गाडी बंद पडल्यापासून टोइंग येईपर्यंत काय काय घडलं ते क्रमाने लिहा. गाडीत आणखी कोण होतं? पाणी कुठपर्यंत होतं?' आणि त्याच्या वर, इंजिनचं नुकसान कधी मिळतं आणि कधी नाही ते दोन साध्या वाक्यांत. कायदा विभागाने विचारलं, आधीच सांगितलं तर लोक त्याप्रमाणे गोष्ट रचतील. रचतीलही. आत्ताही रचतातच, फक्त एका शब्दात. गोष्ट सांगायला लावली की निदान रॉडशी ताडून बघता येते. आणि काही जण सांगताना खरं सांगून जातात. चार परिच्छेद खोटं लिहिणं कंटाळवाणं काम आहे.

घोषणापत्रातली 'अंदाजे किलोमीटर'ची चौकटही गेली. तिथे आता आजचा मीटर, मागच्या सर्व्हिसिंगच्या बिलावरचा मीटर आणि तारीख. अंदाज आम्ही काढू. ज्याला अंदाज विचारतो त्याला आपण फासा हातात देतो.

हे चालेल का? माहीत नाही. साहेबांना सांगितलंय की दोन शाखांत जुना फॉर्म, दोनांत नवा, चिठ्ठ्या टाकून, आणि आलेले आकडे माझ्या हातात न देता मुलीच्या हातात. माझा फॉर्म आहे, मला तो चालायला हवा आहे.

१२ जून

फाईल प्रेसला गेली. घसाऱ्याचा तक्ता पहिल्या पानावर, मागच्या बाजूला पाण्याचे प्रश्न. धमकीची ओळ राहिली, शेवटच्या पानावर, काळ्या अक्षरांत. सही खाली उजवीकडे, होती तिथेच.

मार्च आणि एप्रिलची बिलं मंगळवारी दिली, ३८ लावून. अकाउंट्सवाल्याने विचारलं, "रस्ता बदललात का?" हो म्हणालो.

मे महिन्याचं राहिलंय. पावसातल्या फेऱ्यांचे आकडे लिहिलेले नाहीत, स्कूटरचा मीटर बघून जुळवायचे आहेत. जिना उतरायचा कंटाळा आलाय. उद्या.